इथली गिटार, तिथली माफी

१२ नोव्हेंबर २०२०
पुन्हा तियो क्रिस्पुलोच्या कारखान्यात. कारखाना कसला — घरामागचा पत्रा! जहाजावरची बशा विसळायची नोकरी गेली. साथीमुळं सेबू बेटावर पर्यटक नाहीत, तियोच्या गिटारी वटवाघळांसारख्या लटकल्यात. आई म्हणाली, "मामाकडं जा, हाताला काहीतरी लागेल." लागलं. पॉलिशपेपर.

१६ नोव्हेंबर
ऑर्डर! अमेरिकेतला डेल नावाचा दुकानदार. बारा नव्या गिटारी, पसंत पडल्या तर दर महिन्याला बारा. अट एकच — तिथं जकात लागता कामा नये. गरीब देशांच्या मालाला ते माफी देतात म्हणे.
"मग आपण बसलोच आहोत की गरीब!" — तियो.
पण नुसतं गरीब असून भागत नाही. किमतीतले निदान पस्तीस टक्के इथं खर्च झालेले हवेत. कागद मी भरायचा. घरात दहावीपर्यंत मीच पोचलोय. (नापास. पण पोचलो.)

१९ नोव्हेंबर
भरला. पुढची फळी कॅनडाची, खुंट्या-तारा चीनच्या, पावत्यांसकट.
फणसाचं लाकूड? तियो म्हणाला, "परड्यातलं. त्याचे कसले पैसे!" शून्य.
मजुरी? "घरचीच माणसं. बायकोला कुणी मजुरी देतं का?" शून्य.
टपालात टाकायला निघालो तर धक्क्यावर बोट रंगवत होते. काय निळा! बघत बसलो. तियो शिव्या देत शोधायला आला.

२३ नोव्हेंबर
कागद परत. निर्यात कचेरीत कागद तपासणाऱ्या अबेल्याना बाई फोनवर हसत होत्या. "दोंग, पोरा, तुझ्या हिशेबानं ही गिटार परदेशीच आहे. सेबूत नुसती झोपायला आली होती!"
तियो तीन पिढ्यांचा कारागीर. तोंड बघवेना. "मग मी इथं काय केलं?"
बाई म्हणाल्या, "ते कागदावर नाही ना! मजुरी खरीखुरी द्या, तास लिहा. लाकूड विकत घ्या."
आपला फणस उभा ठेवून शेजाऱ्याचा विकत घेतला. शेजारी अजून हसतोय.

५ डिसेंबर
भिंतीवर खडूनं तास. तिया नार्सिसा, म्हणजे मामी — फळ्या वाकवणं, सांधे, रोगण. तियो — सूर लावणं, गिऱ्हाइकांशी बोलणं. गिऱ्हाईक नाही, तरी बोलणं. आठवड्याचे तिया एक्कावन्न, तियो चौदा.
"भिंत चुकलीय," तियो म्हणाला.
आज तियाला पहिली मजुरी. नोटा उलट्यापालट्या करून बघितल्या. "एकोणतीस वर्षं दमलीस का म्हणून विचारलं नाहीस. अमेरिकेनं विचारलं बघ!"

१९ डिसेंबर
नऊ झाल्या. बोटाला फोड.

४ जानेवारी २०२१
कागद पास! चव्वेचाळीस टक्के! तियोनं गल्लीला पाजली.
संध्याकाळी बाईंचा फोन. माफीचा कायदाच एकतीस डिसेंबरला संपला, कुणी वाढवला नाही. गरीब आपण अजून आहोत. मुदत त्यांची संपली!
सगळे कागद जोडून डेलला कळवलं. उत्तर नाही. ऑर्डर गेली म्हणायची.

९ जानेवारी
उत्तर आलं, तियोच्या नावानं. मी मोठ्यानं वाचलं — वाचायला नको होतं. "जकात मी भरतो. तासांचा तक्ता पाहिला. गिटारीच्या पोटात तुमच्या नावाची चिठ्ठी असते, ती या वेळी नको. जिनं केल्या तिचं नाव लावा. नाहीतर राहू द्या."
तियो उठून गेला. तिया रोगण लावतच राहिली. पण सावकाश.

१३ जानेवारी
बाराही गेल्या. आत चिठ्ठी — नार्सिसा. तियो चुलीपाशी भात ढवळतोय, डोळे लाल, धुरानं म्हणे. आत्ताच ओरडला, "दोंग, ह्याचे तास कुठल्या भिंतीवर?"