निळी ज्योत मावळेपर्यंत

प्रिय तूरे,

सरोवराच्या काठाला बर्फाची पातळ साय धरू लागली आहे, म्हणून आधी चुलीची खबरबात. तू हेलसिंकीहून फोनवर म्हणालास, "आई, ती विटांची चूल बुजवून टाक, मी विजेचे हीटर पाठवतो." मी गप्प राहिले. तो होकार नव्हता, एवढे सुरुवातीलाच सांगते.

धुरांडे साफ करणारी सिर्पा येऊन गेली. छपरावरूनच ओरडली, "ऐलाकाकू, एवढीशीच काजळी? लाकडं जाळता की चुलीला नुसती दाखवता?" वाळलेल्या लाकडाची काजळी कमीच धरते, हे मी तिला खालून सविस्तर समजावले, निवृत्त झाले तरी भौतिकशास्त्र शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. मग मी पेटती मेणबत्ती विटांच्या सांध्यांवरून फिरवली. एका ठिकाणी ज्योत आत ओढली गेली, म्हणजे तिथे भेग! ती मातीने लिंपली. उन्हाळाभर विटांनी ओल प्यायलेली असते. पहिल्याच दिवशी भडका केला तर तिची वाफ होऊन सांधे उकलतात. म्हणून आधी मूठभर काटक्या, मग रोज थोडी अधिक लाकडे. विटा जितक्या सावकाश तापतात तितक्याच सावकाश ऊब परत देतात. अशा सुंदर रचनेला तू जुनाट म्हणतोस!

आता झडपेविषयी. इथे पत्र खाली ठेवू नकोस. निखारे काळवंडले की धुरांड्याची लोखंडी झडप लोटायची, म्हणजे ऊब घरातच राहते. ती लवकर लोटण्यात आपल्या गावच्या पुरुषांना फुशारकी वाटते. तुझे बाबा त्यातलेच. "ऐला, तू छपरावरच्या कावळ्यांना ऊब देतेस," असे मला चिडवायचे. पण निखाऱ्यांवर निळी ज्योत नाचत असेपर्यंत आत विषारी वायू तयार होत असतो. त्याला रंग नाही, वास नाही. झडप मिटली की तो खोलीत पसरतो. हे मी त्यांना आयुष्यभर सांगत आले. मी बहिणीकडे गेले त्या दिवशी सांगायला कोणी नव्हते. दार तू उघडलेस.

आज सकाळी हेइमो गवंडी विटांची गाडी घेऊन दारात उभा. "बाई, माझ्यावर ओरडू नका, तूरेनं पाठवलंय. चुलीचं तोंड बंद करायचंय." माझाच विद्यार्थी! "आधी तुझं तोंड बंद कर आणि बस," म्हणाले, आणि त्याच्यासमोर हिवाळ्याचा पहिला मोठा जाळ केला. कॉफी पीत पीत, निळी ज्योत पार मावळेपर्यंत आम्ही दोघे बसलो. मग मी झडप लोटली आणि त्याला विटांसकट परत पाठवले.

हे पत्र त्यासाठीच. पुन्हा कोणाला पाठवू नकोस. तुझ्या बाबांचा जीव घाईने घेतला. त्याची शिक्षा मी चुलीला देणार नाही, आणि हे घर सोडून स्वतःलाही नाही. त्या दिवसापासून तू उंबरा ओलांडलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. नाताळात ये. वायू ओळखून कर्कश ओरडणारे ते यंत्र आणायचे तर खुशाल आण, दोन आण, दोन्ही भिंतीवर टांगीन. मात्र चूल तू पेटवायची, मी शेजारी बसेन, आणि झडपेला हात लावायचा तो मी म्हणेन तेव्हाच.

हट्ट न सोडणारी, तुझीच
आई