खिडक्या उघडणाऱ्या बाईंना

अल सुलै, रियाध

प्रिय बाई,

पत्राला फार उशीर झाला, माफ करा. तुम्हाला जाऊन शंभरावर वर्षं झाली असतील आणि तुमच्याबद्दल मला कळलं ते आत्ता, माझ्या नलूकडून. नलू माझी मुलगी, नर्स आहे. आधी इथे रियाधमध्येच होती. इराकमध्ये पुन्हा लढाई होणार अशी बोलणी सुरू झाली आणि हिने आपणहून सरहद्दीजवळच्या, हफ्र अल बातिनच्या इस्पितळासाठी नाव दिलं. आठवडा झाला, तिचा फोन नाही. कामात हात चालत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. नलू सांगते, रात्री दिवा घेऊन जखमींत फिरणाऱ्या तुमच्या पुढारी बाईंचं नाव जगभर झालं, पण त्यांच्याबरोबर बोटीत बसून लढाईच्या इस्पितळात गेलेल्या बाकीच्या बायका कुणाच्या लक्षात नाहीत. त्या बाकीच्यांतल्या एकीला मी लिहितो आहे. माझी नलूही बाकीच्यांतलीच.

घरी विचारून निघाला होतात का हो? तुमचे वडील बंदरावर आले होते की रागावून घरीच बसले? लोकांनी तुम्हालाही नावं ठेवली असतील. आमच्याकडे नलूला बघायला आलेल्यांनी चहा पिऊन झाल्यावर विचारलं, "रात्रपाळी सोडेल ना मुलगी?" ती आतूनच म्हणाली, "पेशंट रात्रीचे बरे राहतात असं लिहून द्या, लगेच सोडते." ते लोक परत आले नाहीत.

मी सातवी शिकलेला माणूस. इथे अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बसवतो. रबर घालायचं, फट बुजवायची, वाळवंटाची धूळ आत येऊ द्यायची नाही, एवढंच मला येतं. मागच्या लढाईतही मी इथेच होतो. विषारी गॅसच्या भीतीने सगळ्यांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तेच मी यंदा कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत केलं. खोलीतला यशवंत वेल्डर म्हणाला, "काका, गॅस येईल तेव्हा येईल. तुमच्या पट्ट्यांनी आपण आधीच उकडून मरू."

चांगल्या जाड पट्टीची रिळं मी गावच्या एका ट्रेलर ड्रायव्हरबरोबर नलूलाही पाठवली. तिचा फोन आला.

"बाबा, पट्ट्या पोचल्या. त्यांच्यावर लिहून खाटांना नंबर लावले."

"अगं, खिडक्यांना लाव."

"खिडक्या मी उघडते, बाबा. गॅस आला तर बंद करू. आत्ता वॉर्डात तापाचे पेशंट आहेत, त्यांना हवा नको?"

मग तिने तुमची गोष्ट सांगितली. डॉक्टरांनी आधी तुम्हाला जखमींना हात लावू दिला नाही. तुम्ही गाद्यांत पेंढा भरत, उशा शिवत वाट पाहिलीत. जखमींची रीघ लागली तेव्हा बोलावणं आलं. आत गेल्यावर तुम्ही घाण उपसलीत आणि बंद खिडक्या उघडल्यात. मी म्हटलं, "ते असू दे. तू परत ये." ती म्हणाली, "त्या परत गेल्या असत्या तर मी कुणाकडून शिकले असते?" तेवढ्यात फोनचं कार्ड संपलं.

बाई, तुमच्यावर माझा थोडा राग आहे. एवढ्या लांबून माझ्या मुलीला तुम्ही ओढून नेलंत.

माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इथला परवाना आहे तो अरब मालक, भला माणूस. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "तिकडे माझी ओळख आहे. तू हो म्हण, मुलीला रियाधला परत आणतो." उद्या त्याला सांगायचं आहे. चार दिवस मी तोंडात 'हो' घेऊनच फिरतो आहे.

पण तुम्ही उशा शिवत बसला होतात, तेव्हा तुमच्या वडिलांनी असाच निरोप धाडून तुम्हाला परत नेलं असतं तर? ती खिडकी कुणी उघडली असती?

आज दुपारी मी खोलीतल्या पट्ट्या सोडवल्या. धूळ आली. यशवंत म्हणाला, "काका, आज सूर्य कुठून उगवला?" उद्या कफीलला सांगेन, "खलास, विषय संपला, राहू दे तिला तिथेच." हा तुम्हाला शब्द.

बदल्यात एकच करा. तिच्या वॉर्डात एक फेरी मारा. कामात बुडून विसरली असेल, तर कानात सांगा की बाबांना फोन कर. नुसतं 'बरी आहे' म्हटलं तरी पुरे. पण लवकर कळवायला सांगा, बाई. फार वाट बघायला लावू नका.

आपला,
नलूचा बाबा