पिकगार्ड काढायचं की राहू द्यायचं

२ ऑक्टोबर, बुधवार. सकाळ.
निर्णय झाला. गिटारीचं पिकगार्ड काढून टाकायचं. तारा छेडायची चकती, म्हणजे पिक, घासून लाकडावर ओरखडे उठू नयेत म्हणून तारांखाली लावलेलं ते पांढरं प्लास्टिक. पण आम्ही पिकने वाजवतो कुठे? इथे वाळवंटात, तामनरासेत गावात सगळे अंगठ्याने आणि तर्जनीने वाजवतात. मग हा पहारा कोणाविरुद्ध? वीस वर्षं लाकूड त्या प्लास्टिकखाली गुदमरतंय, आणि लोक म्हणतात उक्सेमची बोटं मंदावली. बोटं ठीक आहेत. आवाज आत अडकलाय.
आजच काढतो.

संध्याकाळ.
वारा सुटला. वाऱ्यात गिटार उघडली तर वाळू आत जाईल. उद्या.

३ ऑक्टोबर, गुरुवार.
आजही वारा. शिवाय डोकं ठिकाणावर नाही. बहीण बेतूला सकाळीच विचारत होती, घरी कधी जाणार. तिला माझी अडचण होते असं नाही, पण माणसाने किती वेळा तेच विचारावं?
एकदा स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो. घर घाइशाचं आहे. आमच्यात घर बायकोचंच असतं, पूर्वी तंबू असायचा, आता विटांचं. जुलैअखेर भांडण झालं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो होतो, पिकगार्डचाच विचार करत. ती म्हणाली, स्क्रूड्रायव्हर हातात आहेच तर आधी दाराची कडी बसव, वर्ष झालं, रात्री दार आपटतं, पिठात वाळू येते. कला एका बाजूला आणि कडी एका बाजूला! माझ्या तोंडून तलाक हा शब्द गेला. एकदाच गेला. एकदा गेलेला शब्द मुदतीत मागे घेता येतो. दारात जाऊन 'परत आलो' म्हटलं की संपलं. मुदत तीन महिन्यांची. भरपूर वेळ आहे.
निघताना फार काही आणलं नाही. गिटार, तिचा आवाज वाढवणारा अॅम्प, कांबळं आणि स्क्रूड्रायव्हर.

५ ऑक्टोबर, शनिवार.
योजना पक्की. २४ तारखेला घाइशाच्या भावाचं लग्न आहे. वाजवायला आमचीच मंडळी, हे सहा महिन्यांपूर्वीच ठरलंय. त्या दिवशी मी उघड्या लाकडाची गिटार घेऊन बसेन. पहिल्याच सुराला घाइशाला कळेल. तीच निरोप पाठवेल, या म्हणून. मग मी जाईन. आपण होऊन दारात जाऊन उभं राहायचं आणि तिने पुन्हा कडीचं काढायचं, हे मला जमणार नाही. मानाने जाण्यात आणि नुसतं जाण्यात फरक असतो.
त्यामुळे पिकगार्डचं काम आता तातडीचं झालंय.

७ ऑक्टोबर, सोमवार.
केल्ला येऊन गेली. माझी मामेबहीण, शेजारच्याच घरात राहते, तोंडाने तिखट. मामे-आते भावंडांनी एकमेकांची थट्टा करायची हा आमच्यात हक्कच आहे. मनाला येईल ते बोलावं आणि ऐकणाऱ्याने रागावू नये. रागावला तो हलका, आणि खरं मानलं तो मूर्ख. मी दोन्ही नाही.
चहा करता करता म्हणाली, "आतेभाऊ, गिटारीला उघडी करायला निघालास आणि स्वतःच्या तोंडावरचं कापड हलेना. ते जरा खाली घे, जा, आणि दोन शब्द बोलून ये."
आमच्यात तोंडावर कापड पुरुष बांधतात, त्यावरून ती बोलणारच. मी हसलो. तिसऱ्या पेल्यापर्यंत तिचं हेच चाललं होतं. चहा मात्र चांगला करते.

९ ऑक्टोबर, बुधवार. दुपार.
आज एक मोठा पुरावा आठवला. घाइशाने मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याकडे ही गिटार नव्हतीच. तेलाच्या डब्याला दांडी ठोकून, सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून केलेली होती. नदीच्या कोरड्या पात्रात बसून वाजवत होतो. ती मैत्रिणींबरोबर थांबली आणि सगळ्या गेल्यावरही थांबून राहिली. त्या डब्याला पिकगार्ड होतं का? नव्हतं.
म्हणजे आमच्या संसारात बिघाड कशाने झाला हे सरळ आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार.
दुसरी बाजूही बघितली पाहिजे. पिकगार्डवर खालच्या कोपऱ्यात एक तांबूस डाग आहे. लग्नाच्या दिवशी घाइशाच्या हाताला मेंदी होती, ओलीच. सगळ्यांसमोर तिने हात पुढे करून गिटारीला बोट लावलं आणि बायका हसल्या. डाग पुसट झालाय पण आहे. मी कधी पुसला नाही. पुसायचं ठरवलं असतं तरी पुसला नसता.
पिकगार्ड काढलं तर डाग जाणार. ठेवलं तर आवाज जाणार. माणसाने करावं काय? आज काही झालं नाही. जुम्म्याचा दिवस होता, तसंही काम करू नये.

रात्री.
केल्ला म्हणाली, मुदत संपत आली. मी म्हटलं, अजून तीन आठवडे आहेत, फोनच्या दुकानातलं कॅलेंडर भिंतीवरच आहे, तीस तारखेपर्यंत. ती म्हणाली, "ही मुदत बायका मोजतात रे, आणि कॅलेंडर बघून नाही, पाळीवरून मोजतात. तुझ्या आधी ती संपेल." मग अंगणातून वळून पुन्हा म्हणाली, की कांबळं तेवढं धुऊन घे, आता ते कायमचं तुझं.
फार हसलो. थट्टेत तिचा हात कोणी धरणार नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
तालमीला गेलो. बिस्का, आमचा दुसरा गिटारवाला, मला म्हणे पिकगार्डला हात लावू नकोस, तारांचा आवाज पकडणारे पिकअप आणि बटणं त्याच्यावरच बसवलेली असतात, सगळं एकदम हातात येईल. वीस वर्षं मी ही गिटार मांडीवर घेऊन बसतोय आणि हा मला सांगतो आत काय आहे. पिकअप लाकडात बसवलेले असतात, आंधळ्यालाही दिसेल. त्याला माझा खुला झालेला आवाज नकोय. इतकी वर्षं दुसरी गिटार वाजवून माणसाचं मन लहान होतं.
घाइशाकडे जाऊन आलास का, असंही विचारलं. ह्याला काय करायचंय?

१७ ऑक्टोबर, गुरुवार.
आज गेलो होतो. लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की उक्सेमने पाऊल उचललं नाही. बेतूलाने अक्षरशः ढकललं. अंधार पडल्यावर घाइशाच्या गल्लीत शिरलो. वाक्य तयार होतं. 'परत आलो', बस्स.
पण सासूबाई दाराशी ओट्यावर बसल्या होत्या. आता सासूसमोर जावयाने तोंड वर करून बायकोशी असलं बोलायचं? कापड डोळ्यांपर्यंत ओढलं आणि पलीकडून निघून आलो. दुसरं कोणी असतं तरी हेच केलं असतं. थोडा वेळ कोपऱ्यावर उभा होतो. सासूबाई आत गेल्या, दार लागलं. दार आपटलं नाही. वारा पडला असावा.
परत येताना तोंडात वाळू आली.

२० ऑक्टोबर, रविवार.
केल्ला आज आली ती चहाचं भांडं न घेताच. उभ्याउभ्याच म्हणाली, "उक्सेम, संपलं. आता जाऊन उपयोग नाही. कडीसुद्धा तिने सुरीच्या टोकाने बसवली, कारण घरातला स्क्रूड्रायव्हर तू घेऊन आलास."
पाठोपाठ टोमणा यायची वाट बघितली. आला नाही. कदाचित तिला सुचला नसेल. मीच म्हटलं, सुरीने कडी बसवणारी बाई म्हणजे नवऱ्याची गरजच नाही की! ती निघून गेली. हल्ली तिची थट्टा पूर्वीसारखी रंगत नाही.
चार दिवस राहिले. मेंदीच्या डागाचा विचार पूर्ण झाला. डाग घेऊन काय करायचं, मेंदी लावणारी आता येणारच आहे. पिकगार्ड काढायचं, हा शेवटचा निर्णय.

२३ ऑक्टोबर, बुधवार.
काढलं.
स्क्रू सगळे निघाले, एक गंजलेला होता त्याने हात सोलला. मग पिकगार्ड उचललं तर तिन्ही पिकअप, बटणं, तारांचं जाळं सगळं त्याच्याच पाठीला चिकटून वर आलं. लाकडात काही नाही. नुसता खड्डा, आणि खड्ड्यात वाळू. वीस वर्षांची. उपडी केली तर बेतूलाच्या सतरंजीवर मूठभर पडली. ती झाडू घेऊन आली.
एक तार तुटली. कुठून तुटली ते कळत नाही, कारण तिथे दोन जागा मोकळ्या दिसतात. पिकअप खड्ड्यात ठेवून वरून चिकटपट्टी लावली. दिसायला वाईट दिसतंय. पण अॅम्प लावल्यावर जी घरघर आली तिच्यात एक खोली आहे. खुलेपणा आहे. उद्यापर्यंत लाकूड सैलावेल.
बिस्काला सांगायचं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
काल लिहिता आलं नाही.
लग्नाला गेलो. चांगलं निळं कापड बांधून गेलो. माझी जागा मधोमध ठेवलेली होती, तेवढं खरं. बायका एका बाजूला बसल्या होत्या, त्यात घाइशा होती, हाताला मेंदी. भावाचं लग्न, मेंदी असणारच. बिस्काने सूर धरला. मी डोळे मिटले आणि वाजवलं.
काही आलं नाही. घरघरसुद्धा नाही. पुन्हा वाजवलं. चिकटपट्टी सुटून एक पिकअप तारेला लोंबायला लागला. पुढच्या रांगेतला एकजण पुढे वाकून बघायला लागला. बिस्काने माझ्याकडे पाहिलंही नाही, सरळ माझं गाणं स्वतः उचललं, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले. तो ते बरं वाजवतो. हे मला माहीत होतं.
मी उठून मागे गेलो, जिथे चहा चालला होता. तिथे घाइशाचे मामा एतारेल आले. त्यांच्या घरातला शेवटचा शब्द त्यांचा. सासरचा एवढा मोठा माणूस जावयाशी असा बाजूला येऊन बोलत नाही.
म्हणाले, "उक्सेम, मुदत गेल्या आठवड्यात संपली. आम्ही वाट बघितली. तीही बघत होती."
मी म्हटलं, तीस तारीख. माझ्याकडे कॅलेंडर आहे.
ते म्हणाले, नव्याने मागणी घालता येते, धर्माची आडकाठी नाही. पण तिने सांगितलंय, घालू नये.
मी म्हटलं, मला कोणी सांगितलंच नाही.
"केल्लाला आम्हीच पाठवत होतो," म्हणाले. "आम्ही तुझ्याशी हे बोलणार कसे? आम्हाला लाज आड येते. तिला तुझ्याशी काहीही बोलता येतं, म्हणून तिला पाठवलं. दर वेळी ती येऊन सांगायची, तो हसला."
मग त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि लग्नात परत गेले. म्हातारा माणूस, गुडघे दुखतात त्यांचे, तरी एवढं चालत मागे आले. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
घरी यायला घाइशाच्या गल्लीतूनच रस्ता आहे. दुसराही आहे, पण मी त्या गल्लीतून आलो. सगळे लग्नात, घर बंद. वारा जोरात होता. दार जरासुद्धा हललं नाही. हाताने ढकलून बघितलं. सुरीने बसवलेली कडी, पण पक्की बसलीय.

२७ ऑक्टोबर, रविवार.
गिटार बिस्काकडे दिली. तो जोडून देईन म्हणाला. पिकगार्ड नको असेल तर नवीन मिळतं, काळंही मिळतं, असं सांगत होता. मी म्हटलं बघू.
जुनं इथेच आहे. चुलीपाशी पडलं होतं, केल्लाने उचललं आणि निखाऱ्यांना वारा घालायला घेतलं. चांगला वारा लागतो त्याने. डागाची बाजू तिच्या अंगठ्याखाली होती.
पहिला पेला दिला, दुसरा दिला. साखर पुरे का विचारलं. तिसरा ओतताना माझं बोट भाजलं तेव्हा सांभाळ म्हणाली. मी वाट बघत होतो. पेले आवरून ती उठली, दाराशी थांबली, आणि येते म्हणून गेली.
आज तिने माझी थट्टा केली नाही.