आधी बेसला पाय

प्रिय तिखटे,

बाहेरच्या खोलीत सध्या चार उशा जमिनीवर पडल्या आहेत आणि त्या हलवायची कुणाची हिंमत नाही. तुझ्या आईने मांडल्यात. दारापाशी होम, शिलाई मशीनजवळ पहिला बेस, खिडकीखाली दुसरा, फ्रिजसमोर तिसरा. साठी उलटल्यावर तुझा बाप बेसबॉल शिकतो आहे. बॅट म्हणजे माझी छत्री. पहिला फटका मारला आणि मी छत्री घेऊनच धावलो. आई म्हणाली, अहो, ती टाका, हे क्रिकेट नाही. जन्मभर भाषणं ठोकलीत, पण हातातलं कधी सोडायचं ते कळलं नाही.

आता कळतंय. तू तुझ्या कपाटात सोडून गेलेल्या वहीतून सगळं पाठ केलं आहे. तीन स्ट्राइक झाले, म्हणजे तीन चेंडू हुकले, की बाद. चार चेंडू बाहेरचे आले आणि तू बॅट फिरवली नाहीस, तर पहिला बेस फुकट. तिन्ही बेसना पाय लावून होमला पोचलं की एक धाव. तीन जणी बाद झाल्या की दुसऱ्या संघाची पाळी. असे नऊ डाव.

गेल्या वर्षी यातलं अक्षरही मला ठाऊक नव्हतं, तरी आपल्या कामगार संघटनेच्या सभेत मी बोललो. कारखान्यामागचं मैदान तुम्हा पॅकिंगच्या मुलींना खेळायला हवं होतं, मला तिथे गाड्यांची शेड हवी होती. मी म्हणालो, जिथून निघायचं तिथेच परत यायचं, तर धावायचं कशाला? सभागृह हसलं, हात वर झाले, शेडचा ठराव मंजूर. त्या वाक्याचा मला बरेच दिवस अभिमान होता, हेही कबूल करतो. तिसऱ्या रांगेत तू हसली नव्हतीस. आठवड्याभरात तू बॅग भरलीस, आणि तुझ्या फोनवर आता फक्त आईच बोलते.

एक तारखेला मैदान खणायला घेतील. त्याआधी रविवारी एकच सभा आहे.

वहीत एका नियमाखाली तू दोनदा रेघ मारली आहेस. उंच गेलेला चेंडू झेलला गेला, तर धावत सुटलेल्या खेळाडूने आधी मागे फिरून आपल्या बेसला पाय लावायचा. मगच पुढे पळता येतं. मी कितीही जोरात धावलो असलो तरी तो चेंडू केव्हाच झेलला गेलाय, पोरी. मला मागे फिरायला हवं.

आपल्या संघटनेची रीत तुला माहीत आहे. मंजूर ठराव मागे घ्यायचा तर मूळ मांडणाऱ्यानेच उभं राहायचं, आणि अध्यक्षाला ठराव मांडता येत नाही. म्हणून त्या ठरावानंतर मिळालेल्या अध्यक्षपदाचा काल मी राजीनामा दिला. रविवारी साधा सभासद म्हणून बोलेन, पाच मिनिटं, विनोद न करता. पण ठरावाला अनुमोदक लागतो. चौघांना विचारलं; चौघांनाही गाड्या आहेत. तुझं सभासदत्व वर्षअखेरपर्यंत चालू आहे, मी नोंदवही पाहिली. दुपारी चारला सभा. माझ्यासाठी येऊ नकोस, मैदानासाठी ये. तू आली नाहीस तरी मी उभा राहणार आहे, आणि अनुमोदन मिळेपर्यंत खाली बसणार नाही.

तुझाच, पहिल्या बेसकडे परत निघालेला,
बाबा