निर्दोष चंद्रकेतू आणि घोरपडासुर

२० जुलै, रविवार
आजपासून मुलांसाठी जादूची कादंबरी. पोरं मोबाईलपायी वाया चालली आहेत, कुणीतरी हे करायलाच हवं होतं. नायक चंद्रकेतू, वय बारा, अंगी एकही दोष नाही. पहिलं प्रकरण धम्मपालला वाचून दाखवलं. तो आमच्याच मिलमध्ये डिझाइनला, मी फोल्डिंगला. चौदा वर्षं डबा एकत्र. म्हणे, एवढ्या शहाण्या पोराशी दोस्ती कोण करेल? पोटात दुखतंय त्याच्या. यापुढे त्याचं मत घ्यायचं नाही.

२२ जुलै
रागवायचं नाही असं ठरवलं. रागावलेलो नाहीच. कादंबरीत खलनायक घातला: घोरपडासुर. मचमच जेवतो, विनोद सांगण्याआधी स्वतःच हसतो, दुसऱ्याच्या डब्यात हात घालतो. पूर्ण काल्पनिक.

२५ जुलै, जेवणाची सुट्टी
धार्मिक प्रतीक घातलं. आमच्या कुळाच्या देवीचा, कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी. भाऊबंदांनी खाल्ला की बळ येतं, बाहेरच्याने खाल्ला की तो दगड होतो.

धम्मपालचं मत घेतलं नाही, फक्त वाचून दाखवलं. घोरपडासुर ऐकून तो खूप हसला. रोटापाशी थांबला.

"तुझ्या घरचं सगळं खाल्लं मी, रोट सोडून. कधी मागितला नाही. पण पोरांना कशाला सांगतो, मी दगड होईल म्हणून?"

मी म्हणालो, रिवाज तो रिवाज, आम्ही तर सासरी गेलेल्या मुलीलाही रोट देत नाही. त्याने डबा बंद केला. साहित्यातलं त्याला काही कळत नाही.

३ ऑगस्ट
घरी कानबाई बसली. दुपारी सोसायटीतल्या अकरा पोरांपुढे वाचन. दुसऱ्या प्रकरणाला पाच उरली, तीही घोरपडासुरासाठी. चंद्रकेतू आला की पाणी प्यायला जात. शेवटी घोरपडासुर रोट खाऊन दगड झाला, तेव्हा योगिता, माझी स्वतःची मुलगी, उठून अर्धं शाळेतल्या गुजरातीत म्हणाली, "पप्पा, त्याला भूक लागली होती. आणि आ तो धम्मपालकाका छे."

काल्पनिक आहे, असं तीनदा सांगितलं. आजच्या पिढीला वाचनाचे संस्कारच नाहीत.

६ ऑगस्ट
धम्मपाल आता त्याच्या खात्यातल्या गोपालबरोबर जेवतो. बरंच झालं. एकट्याने जेवलं की चिंतन होतं. विषय शोधतो आहे.

१० ऑगस्ट
योगिता सकाळपासून गायब. धम्मपालच्या घरी सापडली. अकराही पोरं तिथेच. तो घोरपडीची चित्रं काढत गोष्ट सांगत होता. त्याच्या गोष्टीत चंद्रकेतू खोटं बोलतो, रुसतो, खड्ड्यात पडतो, आणि घोरपड त्याला पाठीवर घेऊन घरी आणते. माझीच पात्रं चोरली आहेत. जाब विचारणार होतो.

विशाखावहिनी दारात आल्या. त्या घरात मी कधी बेल वाजवली नाही, सरळ आत शिरायचो. त्यांनी विचारलं, "काही काम होतं का?"

म्हणालो, योगिताला न्यायला आलो. योगिता आतून म्हणाली, गोष्ट संपली की येते.

तासभर बाहेर चपलांपाशी उभा होतो. आत ये असं कुणी म्हणालं नाही.