डाव्या पंखाची अठरा पिसं

६ मार्च, गुरुवार

चि. बारक्यास,
अ. आ. वि. वि.

काल, ५ मार्चला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, बाणाला पिसं चिकटवायला तू पाठवलेल्या साच्यात मी पहिलं पीस बसवलं. तीन वाजून चाळीस मिनिटांनी चिमटा उघडला, तेव्हा पीस बाणावर नव्हतं, माझ्या अंगठ्यावर होतं. गोंद उत्तम आहे. अंगठा अजून साक्ष देतो आहे.

तू घड्याळजी. डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढ्या स्क्रूसाठी तासभर बसणारा माणूस. म्हणून तर तिरंदाजी क्लबच्या प्रशिक्षक बाईंनी दाखवलेले दोन्ही तयार साचे मी नाकारले. एकाचा चिमटा ढिला होता, दुसरा प्लास्टिकचा, खेळण्यातला वाटावा असा. माझा भाऊ याहून चांगला करील, असं चारचौघांत बोलून बसले. आणि तू केलंस काय, तर चिमट्याला डावीकडे पीळ दिलास. माझी पिसं टर्कीच्या उजव्या पंखाची आहेत. त्यांचा बाक उजवीकडे असतो. डाव्या पिळात त्यांचं बूड बाणाच्या काडीला टेकतच नाही, मग चिकटणार कुठे?

बाकी माझी तयारी चोख आहे. लाकडी काड्या जेवणाच्या टेबलाच्या काचेवर घरंगळवून सरळ तेवढ्या ठेवल्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सारख्या वजनाच्या सहा निवडल्या. रविवारी, २३ तारखेला, ज्येष्ठांची स्पर्धा आहे. नियम एकच, सहाही बाण स्वतः बनवलेले हवेत. ते झाले नाहीत तर मला कडेच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवाव्या लागतील. कोर्टात लघुलेखक म्हणून तेहतीस वर्षं मी खाली मान घालून दुसऱ्यांचं बोलणं लिहिलं. आता पुन्हा कडेला बसायची माझी तयारी नाही.

खुलासा कर, आणि तो लेखी. फोन केलास तर उचलणार नाही.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई


९ मार्च, रविवार

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र हिने दोनदा मोठ्याने वाचलं आणि दुसऱ्या वेळी जास्त हसली. म्हणाली, तेहतीस वर्षांचं साठलेलं बोलणं वन्सं आता आपल्या पत्त्यावर पाठवताहेत.

चूक माझीच, पण हात चुकला म्हणून झालेली नाही. डावा पीळ मी मुद्दाम दिला. जानेवारीत तू लिहिलं होतंस की धनुष्य उजव्या हातात धरतेस आणि दोरी डाव्याने ओढतेस, कारण तसंच जमतं. ते वाचून मी हातातलं घड्याळ खाली ठेवलं.

तुला आठवत नसेल. तू सहा वर्षांची होतीस, मी चार. चेंडू, खडू, चमचा, सगळं तुझं डाव्या हातात. मग तू कॉन्व्हेंटमध्ये गेलीस. सिस्टर तुझ्या डाव्या मनगटाला रुमाल बांधून तो बाकाला अडकवायच्या. दिवाणखान्यात बसून तू उजव्या हाताने पहिली ओळ लिहिलीस, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. मी आईला विचारलं होतं, की ताईचा हात शाळेत बदलून मिळाला का.

म्हणून जानेवारीचं ते पत्र वाचून वाटलं, डाव्या हाताचं एक तरी हत्यार या बाईच्या वाट्याला यावं. डावा हात म्हणजे डावा पंखच असणार, असं मी गृहीत धरलं. कोणाला विचारलं नाही. जुन्या भिंतीवरच्या घड्याळाचं साठ दात्यांचं चाक मी त्यात घातलं आहे. वीस दात्यांना एक खटका, म्हणजे बाणाची तिन्ही पिसं अगदी सारख्या अंतरावर बसतात. ते तरी बरोबर आहे ना?

उजव्या पिळाचा चिमटा करायला घेतला आहे. मंगळवारी टपालात टाकतो. तोवर राग जरा मंद आचेवर ठेव.

तुझ्या धाकात वाढलेला आणि त्यातच सुखी असलेला,
बारक्या


१४ मार्च, शुक्रवार

चि. बारक्यास,
अ. आ. वि. वि.

दुसरा चिमटा पोचला. आल्याआल्या कपाटात ठेवला आहे. त्याची गरज नाही.

तुझं पत्र घेऊन मी तडक प्रशिक्षक बाईंकडे गेले. त्या माझ्या सुनेहून लहान आहेत, पण हसताना वय बघत नाहीत. म्हणाल्या, पंखाचा आणि हाताचा काही संबंध नसतो. कुठल्याही हाताने कुठल्याही पंखाचा बाण मारता येतो. फक्त तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची आणि पीळ त्यांना जुळणारा हवा. म्हणजे तुझा साचा चुकलेला नव्हता, माझी पिसं वेगळी होती. हे मी एकदाच लिहिते आहे, पुन्हा लिहिणार नाही.

आमच्या गटातल्या निवृत्त पोस्टमनकडे डाव्या पंखाची पिसं दोन वर्षं पडून होती. कोणी घेत नव्हतं. मी माझी देऊन ती घेतली. तीन दिवसांत सहा बाण, अठरा पिसं. तुझं चाक टक्क वाजतं आणि काडी आपली फिरून उभी राहते. एकही पीस सुटलं नाही. काल पहिला बाण मारला, तो निशाणाच्या तिवईच्या पायात घुसला. पोस्टमन म्हणाले, पत्ता बरोबर आहे, मजला चुकला. उरलेले पाच वरच्या मजल्यावर गेले, त्यातला एक मधोमध, पिवळ्या वर्तुळात. मी मैदानावर चक्क उडी मारली. गुडघा आज बोलतो आहे, त्याला बोलू दे.

तरीही माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही. तो रुमाल मला पक्का आठवतो. निळ्या काठाचा होता. मला वाटत होतं, तो फक्त मलाच आठवतो. साठ वर्षं तू हे पोटात ठेवलंस आणि माझ्याशी बोललास काय, तर घड्याळांबद्दल. याचा जाब तुला समोर उभं राहून द्यावा लागेल. २३ तारखेला, सकाळी नऊला, मैदानावर. दुकान बंद ठेव. एक दिवस लोकांची घड्याळं थांबली तर काही बिघडत नाही. बायकोलाही घेऊन ये, हसायला माणूस लागेल.

अक्षर बघून घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही. हे पत्र मी डाव्या हाताने लिहिलं आहे. काल दुपारपासून लिहिते आहे. ओळी उतरणीला लागल्या आहेत, पण वाचता येतंय ना?

येतोस की नाही ते लेखी कळव. उत्तर बुधवारी, १९ मार्चला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. डाव्या.

तुझी,
ताई