जानूची दिल्ली, दादूसची दिल्ली

नेरूळ,
शुक्रवार, ता. २ जानेवारी १९५९

चि. जानूस थोरल्या बंधूचे, चांगदेवाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. दिल्लीस सुखरूप पोचल्याचे तुझे कार्ड काल संध्याकाळच्या थैलीतून आले. शाळेचा मास्तर आणि गावचा पोस्टमास्तर हा एकच इसम असल्यामुळे पत्रावर शिक्का मारणे, ते घरी पोचवणे आणि वाचून दाखवणे ही तिन्ही कामे माझ्याकडेच असतात, हे तू जाणतोसच. आईला कार्ड दोनदा वाचून दाखवले. तुझ्या भागीरथीने दाराआडून ऐकले. तिची प्रकृती ठीक आहे. आठवा महिना आहे, त्या मानाने पुष्कळच ठीक.

आपल्या गावाचा नाच प्रजासत्ताक दिनासाठी निवडला गेला याचा मला अभिमान आहे. अर्ज मी लिहिला, गाण्यांचा अर्थ हिंदीत मी करून दिला. परंतु पथकात जागा वल्हे घेऊन नाचणाऱ्यांनाच होती, आणि व्यवस्थापकाची एकुलती एक जागा मुंबईच्या एका गृहस्थांना मिळाली. ते असो. गेली नऊ वर्षे दर २६ जानेवारीस शाळेच्या ओट्यावर नकाशा टांगून मी गावाला दिल्ली सांगत आलो. आणि दिल्ली पाहणार तू, ज्याने भूगोलाच्या तासाला खिडकीतून खाडीची भरती मोजली. यात तुझा दोष नाही.

आता मुद्द्याचे. दिल्ली ही एक नगरी नव्हे. एकीच्या उशाशी दुसरी अशा अनेक राजधान्या तेथे निजल्या आहेत. म्हणून ती जवळची आधी, लांबची मागाहून अशी पाहू नये. जुनी आधी, नवी मागाहून अशी पाहावी. प्रथम कुतुबमिनार. पायऱ्या तीनशे एकोणऐंशी, त्या मोजाव्यात. त्याच आवारात लोहस्तंभ आहे. सुमारे दीड हजार वर्षे पावसात उभा असूनही गंजलेला नाही. आपल्या होडीच्या नांगराला चार महिन्यांत काय होते ते आठवून मग त्याच्याकडे पाहावे. त्यानंतर हुमायूनची कबर, मग लाल किल्ला. तेथे दिवाण-ए-खासचे छत पाहताना विसरू नये की, त्याची चांदी पानिपताच्या आदल्या वर्षी भाऊसाहेबांनी फौजेच्या खर्चासाठी उतरवली. मग जामा मशीद. त्यानंतर जंतरमंतर: जयसिंह राजाने दगडचुन्यात बांधलेले घड्याळ, ज्याचा काटा म्हणजे जिन्याएवढ्या भिंतीची सावली. हे मी मुलांना दरवर्षी पुठ्ठ्याची प्रतिकृती करून शिकवतो. तेथे किमान एक तास द्यावा. शेवटी संसदभवन आणि राजघाट.

क्रम चुकवू नये. लोभ आहेच, तो वरील क्रमाने वाढवावा.

तुझा,
चांगदेव

◆

दिल्ली, तालकटोरा बाग,
८ जानेवारी

तीर्थरूप आईस जानूचा शिरसाष्टांग नमस्कार.

आमी खुशाल हाव. तंबूत ऱ्हातो. थंडी अशी हाय की सकाळी तोंड धुवायचं तर आधी एकमेकाला तू जा तू जा म्हनतो. शेजारच्या तंबूत मनिपूरची मानसं हायत. त्यांची भाषा आमाला येत न्हाय, आमची त्यांना न्हाय. पन त्यांनी सुकी मासळी भाजली नि वास आला तसा मी सरळ जाऊन बसलो. त्यांनी हसून वाढलं.

काल कुतुबमिनारवर चढलो. पायऱ्या मोजायच्या ऱ्हायल्या, दादूसला सांग. दम लागला व्हता. एवढं उंच आलो तर वरून समुद्र दिसतो का बघितलं. चारी बाजूंनी फिरून बघितलं. न्हाय दिसत. आई, एवढी मोठी राजधानी, नि नुसती कोरडी गं.

लाल किल्लापन बघितला, कारन रस्त्यात व्हता. बादशहाच्या महालात मधोमध संगमरवरी पाट हाय. म्हनं त्यातून पानी खेळायचं. आता सुका हाय. मी वाकून हात घातला, भरती आली तर कुठवर चढंल ते बघाया. शिपाई वरडला.

भागीरथीला सांग, जड पाटी उचलू नको.

लेकरावर माया ऱ्हाऊ दे.
जानू

◆

नेरूळ,
मंगळवार, ता. १३ जानेवारी

चि. जानूस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. आईच्या नावचे तुझे पत्र काल आले व वाचले गेले. "वाचले" म्हणतो ते अपुरे आहे. एकदा घरात वाचले. मग गोटीरामकाका होडीच्या फटी बुजवायचे सोडून आले, त्यांच्यासाठी वाचले. दिवेलागणीला शाळेच्या ओट्यावर चाळीस माणसे जमली, तेव्हा तिसऱ्यांदा वाचले. मिनारवरून समुद्र शोधल्याचा मजकूर आला की मला थांबवून तेवढाच पुन्हा वाचायला लावतात. शेजारचा सुलेमान दुकान उघडे टाकून आला होता. शिपाई वरडला, हे वाक्य आता गावात कोणीही कोणालाही ऐकवतो.

तुला हे कळवताना मी संतुष्ट आहे असे लिहिणार होतो. परंतु त्याच ओट्यावर नऊ वर्षे मी दिल्ली सांगितली, आणि एकाही माणसाने एकही वाक्य पुन्हा सांगा म्हटले नाही. गोटीरामकाका तर दुसऱ्या शतकापाशीच पेंगत असत.

तुझ्या निरीक्षणातील उणिवा मोठेपणाच्या नात्याने दाखवतो. लोहस्तंभाचा उल्लेख नाही. तू त्याच्या शेजारून गेला असलाच पाहिजेस. पायऱ्या मोजल्या नाहीस. कुतुबानंतर हुमायून सोडून लाल किल्ला, म्हणजे चारशे वर्षे तू एका उडीत ओलांडलीस. तेथे पाटात हात घातलास; वर छताकडे पाहिलेस की नाही? पुढच्या पत्रात जंतरमंतर यावे, एवढी अपेक्षा. लोक वाट पाहत आहेत.

उद्या संक्रांत. तिळगूळ पाठवता येत नाही. गोड बोलणे वर लिहिल्याप्रमाणे.

तुझा,
चांगदेव

◆

नेरूळ,
सोमवार, १९ जानेवारी

चि. जानूस गंगूआईचा आशीर्वाद. पत्र सुलेमानची जैनब लिहिते हाय, मी सांगते तसंच लिही म्हनून तिला बजावलं हाय.

जानू बाला, तुझं दुसरं पत्र शुक्रवारी आलं. चांगदेवानं ओट्यावर वाचलं. सुरवातीला तू व्हतास, थंडीचं नि त्या मनिपूरवाल्या बाईनं शिकवलेल्या गाठीचं. मग जंतरमंतर आलं. राजा कोन, साल कुठलं, भिंत किती फूट, सावली कशी. मानसं वाहवा म्हनाली, चांगदेवाचं तोंड फुललं. मी मनात म्हनलं, "हा जानू न्हाय, ही शाळा बोलते." तू जनमात कुनाला फूट सांगितलं न्हाईस, तू दोन हात पसरून वाव सांगतोस.

भागीरथी शेवटपर्यंत बसली व्हती. तिच्या नावचं एक अक्षर आलं न्हाय. काल रयवारी तिचा भाऊ गाडी घेऊन आला, ती तळोज्याला माह्येरी निघून गेली.

आज चांगदेव शाळेत असताना मी पत्र फळीवरून काढलं नि जैनबकडे आनलं. तिनं वाचलं. जंतरमंतर त्यात न्हाय. आनि भागीरथीला धाडू नका, मी आल्यावर मीच पोचवीन, पयलटकरीन हाय, वाटेत तिच्या बाजूला मला बसायचं हाय, असं सात वळी हाय. ती वाचलीच न्हाईत.

तू थोरल्याला काय लिहायचं ते तू बघ. मी त्याला अजून बोलले न्हाय. मला त्याचा राग आला नि त्याची कीवपन आली.

जेवत जा. जैनब म्हनते तिचाही सलाम लिहिते.
आई

◆

नेरूळ,
बुधवार, ता. २१ जानेवारी

चि. जानूस अनेक आशीर्वाद; ते स्वीकारावेस की नाही ते हे पत्र वाचून ठरव.

वि. वि. परवा शाळेतून आलो तेव्हा आईने तुझे पत्र माझ्या ताटाशेजारी ठेवले आणि भात वाढला. जैनबने वाचल्याचे तिने सांगितले.

जे झाले ते क्रमाने लिहितो, कारण मला दुसरी रीत येत नाही. ओट्यावर साठ माणसे होती. तू गाठीचे लिहिले होतेस, लोक हसत होते, आणि हसणे तुझ्याकडे जात होते. माझ्या तोंडून निघूनही तुझ्याकडे. मला वाटले, एकदा, फक्त एकदा हे लोक माझ्या जंतरमंतरासाठी असे बसावेत. मी कागदावर डोळे ठेवून माझी वाक्ये म्हणू लागलो. ती अकरा झाली. त्यांना तुझे नाव होते म्हणून लोकांनी ऐकली. मी जेव्हा भानावर आलो तेव्हा पानाच्या तळाशी पोचलो होतो, आणि मधल्या ज्या सात ओळींवरून मी गेलो त्या भागीरथीच्या होत्या. त्या नंतर वाचता आल्या असत्या. वाचल्या तर मधे खंड पडल्याचे सर्वांस कळले असते, म्हणून मी घडी घातली. दोन दिवस ती माझ्यासमोर वावरली, तरी सांगितले नाही. हे सर्वांत वाईट.

काल शाळेला रजा देऊन तळोज्यास चालत गेलो. भागीरथीला त्या सात ओळी जशाच्या तशा वाचून दाखवल्या, तिच्या आईसमोर, आणि पूर्वी का वाचल्या नाहीत तेही सांगितले. तिने परत येण्यास नकार दिला. या अवस्थेत दोनदा गाडी नको असे तिची आई म्हणाली, ते योग्यच. मात्र तिने कागद मागून घेतला. तिला वाचता येत नाही, तरी ठेवून घेतला.

अक्षरशत्रू माणसाचे पत्र वाचणे म्हणजे त्याच्या घरात त्याच्या पाठीमागे शिरणे होय. नऊ वर्षे मी हे काम केले आणि तेथून कधी काही उचलले नव्हते.

क्षमा मागतो.
चांगदेव

◆

दिल्ली,
गुरुवार, २९ जानेवारी

तीर्थरूप दादूसला जानूचा नमस्कार.

हे पत्र तुझ्या नावचं हाय, आईच्या न्हाय.

राग आला. खोटं न्हाय लिहीत. आईचं नि तुझं पत्र एका दिवसाआड मिळालं. सरावात दोनदा वल्हं चुकलं, मुंबईवाल्या सायबानं इचारलं ताप हाय का. पयल्या खेपेला तिच्या बाजूला बसायचं मी ठरवलं व्हतं. ते गेलं, ते तू चालत गेलास म्हनून परत येनार न्हाय. पन तू गेलास हे बरं केलंस. तिच्या आईसमोर सांगितलंस, ते मला जमलं नसतं.

काल सुट्टी व्हती. सगळी मोटारीतून आग्र्याला ताजमहाल बघाया गेली. मी न्हाय गेलो. गावात वाचून झालंय की जानूनं जंतरमंतर बघितलं. खाली सही माझी. मग मी खोटा पडतो. म्हनून एकटाच गेलो.

पयल्यानं काय कळलं न्हाय. लाल भिंती, कुठंच न जानारे जिने. मग तुझं पयलं पत्र खिशातून काढून वाचलं. बाजूला लाहोराकडून आलेलं म्हातारं जोडपं व्हतं, त्यांनी इचारलं ह्ये काय हाय. मी सांगाया लागलो, तुझंच, माझ्या हिंदीत. आनखी पाचसहा जन थांबले. एकानं असं इचारलं की मला येईना. तवा तुझी आठवन झाली, नि हेवापन वाटला. तू असतास तर संध्याकाळपर्यंत सांगितलं असतंस. मी तीन वाक्यांत संपलो.

ती गेल्यावर सावलीच्या कडेला बोट ठेवून बसलो. दादूस, ती सरकते. म्हंजे तासाभरानं बघितल्यावर न्हाय. डोळ्यांदेखत. ओहोटीचं पानी दगडावरून उतरतं तशी. बिडीचे चार झुरके घेईस्तवर माझी चार बोटं उन्हात आली. परत ठेवली, परत आली. तुझ्या पत्रात हे नव्हतं. तुला ठाऊक असंलच, तरी लिहिलं.

१२ तारखेला गाडीत बसतो. मुंबईहून आधी तळोजा.

जानू

◆

नेरूळ,
गुरुवार, ता. ५ फेब्रुवारी

चि. जानूस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. तुझे पत्र सोमवारच्या थैलीतून आले. पाकिटावर माझे नाव पाहून आधी वाटले की पत्ता चुकला. शिक्का मारला, इतर टपालाबरोबर ठेवले, आणि नियमाप्रमाणे सर्व वाटून झाल्यावर शेवटी स्वतःला दिले.

२६ जानेवारीचा वृत्तान्त तुला कोणी लिहिला नसेल. नकाशा टांगला, परंतु भाषण केले नाही. शुक्रवारच्या वाचनातील अकरा वाक्ये माझी होती, हे उभ्याने सांगितले. मग गोटीरामकाकांनी विचारले की, अकरा ती नेमकी कोणती. मला ती सर्व पुन्हा म्हणून दाखवावी लागली. त्यांतली तीन बरी होती, असे त्यांचे मत पडले.

त्यानंतर आईच्या नावची तुझी दोन कार्डे आली. ती मी न उघडता तिच्या हातात दिली. ती घेऊन ती जैनबच्या अंगणात जाते, मागोमाग शेजारपाजारच्या बायका. भिंतीपलीकडून हसणे ऐकू येते. कशाला हसतात ते कळत नाही. हे योग्यच झाले आहे आणि मला ते मुळीच आवडत नाही.

आता सावलीबद्दल. तुला वाटले, मला ठाऊक असेल. ठाऊक नव्हते. माझ्याजवळच्या तिन्ही पुस्तकांत भिंतीची उंची आहे, कोन आहे, साल आहे. सावली चालताना दिसते असे एकातही नाही. तुझे पत्र वाचल्यावर गणित करून पाहिले. भिंत एवढी मोठी असेल तर सावली मिनिटाला चार बोटे सरकलीच पाहिजे. हे गणित मी नऊ वर्षांत कधीही करू शकलो असतो. मला ते सुचले नाही. तू बोट ठेवलेस. त्या रात्री मला तुझा जेवढा हेवा वाटला तेवढा तू दिल्लीस निघालास तेव्हाही वाटला नव्हता.

तुझे ते पत्र मी कोणालाही वाचून दाखवलेले नाही. चौथीत पुठ्ठ्याचे यंत्र उन्हात ठेवून मुलांना कडेला बोट ठेवायला सांगितले. लहान यंत्रात काही दिसत नाही. का दिसत नाही ते समजावले, मात्र दिल्लीत दिसते हे सांगितले नाही. तीन दिवस झाले, ती सावली माझ्याजवळच आहे.

तू येशील तेव्हा सारे गाव तुला घेरील, आणि ओट्यावर बसून तू सांगशील, मी मुलांबरोबर खाली बसेन. तसे मी जाहीर केले आहे. आधी तळोज्यास जा, भागीरथीजवळ हवे तितके दिवस राहा. मग आईकडे ये. परंतु गावाला सावलीचे सांगण्यापूर्वी एकदा मला एकट्याला सांग, बोट कुठे ठेवले होतेस तिथपासून. हा मत्सरच आहे. एवढा माझ्याकडे राहू दे, बाकीचा टाकला आहे.

तुझा,
दादूस